लेझरसाठी येताना फिल्म आणा, नुसता रिपोर्ट नको

"मणक्यात गॅप आलाय, लेझरने होईल का?" असे फोन रोज येतात. आम्ही फोनवर हो-नाही सांगत नाही, याचा काहींना राग येतो. पण याचं उत्तर एमआरआयच्या फिल्ममध्येच असतं.

दोन मणक्यांमधल्या गादीचा गाभा बराचसा पाण्याचा. सी-आर्मवर (चालू एक्स-रे पडद्यावर दाखवणारं यंत्र) बघत बारीक सुई त्या गाभ्यात नेतात आणि सुईतून दोऱ्याएवढी काचेची तार. तारेतून थांबून थांबून लेझर सोडला की त्या उष्णतेने गाभ्याचा थोडासा भाग वाफ होऊन जातो. गादी म्हणजे बंद कप्पा, त्यामुळे तेवढ्यानेही आतला दाब उतरतो आणि फुगलेल्या गादीचा शिरेवरचा भार हलका होतो. भूल फक्त सुईच्या जागेपुरती. पेशंट जागाच हवा. पायात चमक आली की त्याने सांगायचं आणि डॉक्टरांनी तिथेच थांबायचं. चॉय आणि आशर या डॉक्टरांनी ऑस्ट्रियातल्या ग्राझला १९८६ साली हे पहिल्यांदा केलं, म्हणजे हे कालपरवाचं फॅड नाही.

मात्र गादी नुसती फुगलेली आणि तिचं आवरण शाबूत असेल, तरच याचा उपयोग. तुकडा सुटून बाहेर पडला असेल तर आतला दाब कमी करून त्याला काय होणार? गादी वाळून चपटी झाली असेल, फिल्मवर नुसती काळी पट्टी दिसत असेल, तर वाफ व्हायला पाणीच उरलेलं नसतं. रिपोर्टात कित्येकदा "एल-४, एल-५ बल्ज" एवढंच असतं, म्हणजे कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी फुगलीय; आवरण शाबूत आहे का, तुकडा सुटलाय का, हे त्यातून कळत नाही.

मागच्या पावसाळ्यात एक काका रात्रभर एसटीने आले. बसवत नव्हतं म्हणून चहासुद्धा उभ्यानेच घेतला. खिशात घडी घातलेला रिपोर्ट, फिल्म घरी कपाटावर. परत पाठवताना जिवावर आलं. दुसऱ्या खेपेला फिल्म पाहिली तर तुकडा सुटलेला. सर्जनकडे पाठवावं लागलं. हे पहिल्याच दिवशी कळलं असतं.

ट्यूबलाइटसमोर धरून काढलेला व्हॉट्सॲप फोटो चालत नाही. सीडी चालते. एक्स-रेवर गादी दिसतच नाही. एमआरआय सहा महिन्यांच्या आतला हवा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर पाकीट आणा, पण मनाने बंद करू नका.

लघवी अडकली किंवा पाऊल लुळं पडलं, तर आमच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठा.

फिल्म बघण्याचे आम्ही पैसे घेत नाही. लांबून येणाऱ्यांनी सीडी आधी कुरिअर केली तरी चालेल; बघून आम्हीच फोन करतो.