संगणकाधारित प्रयोगशाळा

अंतर, तापमान, प्रकाश, बल अशा राशी संवेदकाने मोजून थेट संगणकात घेणारी आणि प्रयोग चालू असतानाच त्यांचा आलेख पडद्यावर उमटवणारी विज्ञान शिकवण्याची पद्धत. १९८०च्या दशकात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात टर्क या संस्थेत रॉबर्ट टिंकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती विकसित केली.

तिच्यातले सर्वांत गुणी उपकरण म्हणजे गतिसंवेदक. तो श्राव्यातीत ध्वनीचे स्पंद सोडतो, समोरून प्रतिध्वनी परतायला लागलेला वेळ मोजतो आणि ध्वनीचा हवेतील वेग (२०° से. तापमानाला सुमारे ३४३ मी./से.) धरून अंतर काढतो. पोलरॉइडच्या कॅमेऱ्यांत फोकस साधण्यासाठी हेच तंत्र होते. माध्यमिक वर्गात विद्यार्थी स्वतःच संवेदकासमोर चालतो. थांबला की अंतर-काल आलेखाची रेघ आडवी होते, सावकाश दूर गेला की हलका चढ, झपाझप गेला की तीव्र चढ, मागे फिरला की उतार. मग शिक्षक उलटा प्रश्न घालतात: पडद्यावर हा आलेख आहे, आता तसे चालून दाखव. समज खरी कळते ती इथे.

आलेखाला चित्र समजणे ही मुलांची जुनी अडचण आहे. टेकडी चढून उतरणाऱ्या सायकलचा वेग-काल आलेख काढायला सांगितला, तर अनेक जण टेकडीच काढतात. चढावर वेग घटतो हे ठाऊक असूनही. हेदर ब्रासेल यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, चालतानाच आलेख पाहणारे हायस्कूलचे विद्यार्थी स्पष्टपणे पुढे गेले. तोच आलेख काही सेकंद उशिरा दाखवला, तेव्हा बहुतेक लाभ नाहीसा झाला. म्हणून वर्गात पडदा बसवून तयार चित्रफिती दाखवणे हा या पद्धतीचा पर्याय ठरत नाही.

महाराष्ट्रात नववीच्या ‘गतीचे नियम’ या पाठात अंतर-काल आणि वेग-काल हे दोन्ही आलेख येतात, पण ते छापील कोष्टकावरून काढले जातात. दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्राने विकसित केलेले ‘एक्सपआइज’ हे कमी खर्चाचे उपकरण आणि जर्मनीतील आखेनच्या तंत्रविद्यापीठाचे, मोबाइलमधलेच संवेदक वापरणारे ‘फायफॉक्स’ हे मोफत ॲप यांमुळे असे प्रयोग आपल्या शाळांच्याही आवाक्यात आले आहेत.

गतिसंवेदक बाकावरून आलेला प्रतिध्वनीही मोजतो आणि रेघ मध्येच उडी मारते, त्यामुळे समोरची जागा मोकळी ठेवावी लागते. आणि आधी एक तरी आलेख मुलांकडून हाताने काढून घ्यावा, म्हणजे पडद्यावरचा प्रत्येक बिंदू हे एक मोजमाप आहे हे त्यांना कळते.