पत्ते शिल्लक, तरी नवीन नोडला जागा नाही

कुबरनेटीसमध्ये (अनेक मशीन्सवर अ‍ॅप्स चालवणारी प्रणाली) प्रत्येक पॉडला, म्हणजे अ‍ॅपच्या एका चालत्या युनिटला, स्वतःचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) लागतो, म्हणजे एका मशीनवर ५० पॉड चालले तर ५० आयपी, आणि अशी मशीन्स (आपण त्यांना नोड म्हणतो) शेकड्यात गेली की हिशोब गंडतो. कुठे गंडतो ते नीट सांगतो, कारण मी त्यात अडकलोय.

समजा पॉडसाठी १०.२४४.०.०/१६ ही रेंज ठेवली (तिरक्या रेघेनंतरचा आकडा जितका मोठा, तितकी रेंज लहान). ६५,५३६ पत्ते, भरपूर वाटतात ना? पण ते सुटे वाटले जात नाहीत. सहसा प्रत्येक नोड आला की त्याला एक अख्खा तुकडा कापून मिळतो, डिफॉल्ट /२४, म्हणजे २५६ पत्ते. जमिनीचं प्लॉटिंग असतं तसंच, एकाने नुसती एक खोली बांधली तरी प्लॉट त्याच्याच नावावर, शेजाऱ्याला त्यातला कोपराही मिळत नाही. ६५,५३६ भागिले २५६ म्हणजे २५६ नोड, बस्स.

आमच्याकडे लोड वाढला, ऑटोस्केलिंगने (लोडप्रमाणे आपोआप मशीन्स वाढवणं) नवीन नोड उभा केला आणि तो 'नॉट रेडी'वरच बसून राहिला. आम्ही दोन तास डिस्क बघतोय, मेमरी बघतोय, आणि इव्हेंट्समध्ये सरळ लिहिलेलं होतं, 'सीआयडीआर नॉट अव्हेलेबल', म्हणजे द्यायला पत्त्यांचा तुकडाच उरला नाही. तेव्हा जुन्या नोडवर जेमतेम तीस-तीस पॉड होते, म्हणजे बहुतेक पत्ते रिकामेच पडलेले!

एका नोडवर डिफॉल्ट मर्यादा ११० पॉडची, मग २५६ कशाला? कारण पॉड सारखे मरतात, नवे येतात, आणि नुकताच सुटलेला पत्ता लगेच दुसऱ्याला दिला तर जुन्याचं ट्रॅफिक नव्याच्या दारात जाऊ शकतं, म्हणून साधारण दुप्पट जागा ठेवतात. मर्यादा ३२ वर आणली तर /२६ म्हणजे ६४ पत्ते पुरतात आणि त्याच /१६ मध्ये १,०२४ नोड बसतात. फक्त हे क्लस्टर (सगळ्या नोडचा मिळून एक गट) उभा करतानाच ठरवायला हवं, नोडला एकदा दिलेला तुकडा नंतर बदलता येत नाही.

दुसरी भानगड दोन रेंजच्या टकरीची. डॉकर (मशीनवर कंटेनर चालवणारं सॉफ्टवेअर) स्वतःसाठी डिफॉल्ट १७२.१७.०.०/१६ घेतो, आणि ऑफिसचा एखादा सर्व्हर त्याच रेंजमध्ये असला तर त्याच्यासाठीचं पॅकेट मशीनच्या बाहेरच पडत नाही, कारण मशीनला तो पत्ता आपल्याच आतला वाटतो. खासगी वापराच्या रेंजेस १९९६ पासून तीनच, सगळ्यात मोठी १०.०.०.०/८, पण तिच्यात आधीच सगळे घुसलेले असतात, म्हणून रेंज निवडायच्या आधी नेटवर्कवाल्यांकडून पूर्ण यादी मागून घ्या, व्हीपीएनसकट.

आम्ही शेवटी /२६ वर नवीन क्लस्टर उभा केला आणि एकेक सर्व्हिस तिकडे हलवली, तीन आठवडे गेले.