हार्डनर (रेझिन कडक करण्यासाठी त्यात मिसळायचा दुसरा घटक) वाढवला की इपॉक्सी रेझिन जास्त कडक होतं?

नाही. हा समज पॉलिस्टर रेझिनच्या कामातून आला आहे. पॉलिस्टरमध्ये एमईकेपी (मिथाइल इथाइल कीटोन पेरॉक्साइड) हे रसायन रेझिनच्या वजनाच्या साधारण १ ते २ टक्के घालतात. ते फक्त अभिक्रिया सुरू करून देतं, म्हणून या मर्यादेत प्रमाण वाढवलं की रेझिन लवकर घट्ट होतं. (एमईकेपी आणि पॉलिस्टरची अभिक्रिया वेगवान करणारं कोबाल्टचं द्रावण मात्र थेट एकमेकांत कधीही मिसळू नका, स्फोट होऊ शकतो.)

इपॉक्सीचं गणित वेगळं आहे. तिथे हार्डनर रेझिनच्या रेणूंशी जोडला जाऊन कडक होणाऱ्या जाळीचा स्वतःच भाग बनतो. समजा उत्पादकाने १०० ग्रॅम रेझिनला ३० ग्रॅम हार्डनर सांगितला आणि तुम्ही ४० घातला, तर जास्तीच्या हार्डनरला जोडीदारच मिळत नाही. तो तसाच अडकून राहतो. तयार वस्तू मऊ पडते, कमी तापमानालाच ढिली होते आणि पाणीही जास्त शोषते. पोस्ट-क्युअर करूनही (म्हणजे घट्ट झाल्यावर पुन्हा उष्णता देऊनही) हे दुरुस्त होत नाही.

काम लवकर हवं असेल तर त्याच रेझिनसाठीचा वेगवान हार्डनर घ्या किंवा तापमान वाढवा. १० अंश सेल्सिअस वाढलं की वेग साधारण दुप्पट होतो, पण हाताशी असलेला वेळही तितकाच घटतो. मिश्रण खोल डब्यात ठेवू नका, उष्णता साचून ते उकळतं. उथळ ट्रेमध्ये ओता.

वजनाचं प्रमाण आणि आकारमानाचं प्रमाण वेगळं असतं. मापाच्या कपापेक्षा वजनकाटाच वापरा. कडा आणि तळ खरवडत किमान २ ते ३ मिनिटं ढवळा. चिकट राहिलेले डाग बहुतेकदा तिथल्याच न मिसळलेल्या रेझिनचे असतात.