गाडी दुरुस्त झाली, भाव मात्र पडला: जॉर्जियात डिमिनिश्ड व्हॅल्यूचा क्लेम कसा करायचा

मेडलॉक ब्रिज रोडच्या सिग्नलला आमची गाडी उभी होती आणि मागून एक पिकअप येऊन आदळला. कुणाला लागलं नाही. अठरा दिवसांनी बॉडी शॉपने गाडी परत दिली, तेव्हा बायको म्हणाली, "आधीपेक्षा बरी दिसतेय." दिसत होती खरी. चार महिन्यांनी बदलून मोठी गाडी घ्यावी म्हणून डीलरकडे गेलो. तिथल्या माणसाने मोबाइलएवढं एक यंत्र काढलं आणि पुढच्या दाराला टेकवलं: ४.८. मग मागच्या क्वार्टर पॅनेलला टेकवलं: ११. यंत्र रंगाच्या थराची जाडी मोजतं, आणि जाड थर म्हणजे पुन्हा रंगवलेला भाग. तो काही बोलला नाही, टॅबलेटवर कारफॅक्सचा, म्हणजे गाडीचा जुना इतिहास दाखवणाऱ्या सेवेचा, रिपोर्ट उघडून माझ्यासमोर धरला. त्यात अपघाताची नोंद होतीच. भाव सरळ तीन हजार डॉलरने खाली आला.

हे जे तीन हजार गेले, त्याला इथे 'डिमिनिश्ड व्हॅल्यू' म्हणतात. दुरुस्ती कितीही चोख असली तरी ठोकलेल्या गाडीला बिनठोकलेल्या गाडीचा भाव येत नाही. तो फरक म्हणजेच तुमचं नुकसान. जॉर्जिया राज्यात हा फरक विमा कंपनीकडून मागता येतो. मात्र कंपनी आपण होऊन विषय काढेल या भरवशावर राहू नका.

नाशिकला बाबांना फोनवर सांगितलं तर त्यांचा पहिला प्रश्न, "झिरो डेप घेतलं नव्हतंस का?" हा गोंधळ बऱ्याच जणांचा होतो, म्हणून आधीच सांगतो. भारतातलं झिरो डेप म्हणजे क्लेमच्या वेळी बदललेल्या सुट्या भागांवर घसारा न कापणं. गाडीच्या रिसेल किमतीशी त्याचा संबंध नाही. भारतातल्या नेहमीच्या पॅकेज पॉलिसीत तर घसारा आणि अपघाताच्या अनुषंगाने होणारं पुढचं नुकसान कंपनी देणार नाही, असं स्पष्ट लिहिलेलं असतं. त्यामुळे पुण्यातल्या गाडीसाठी स्वतःच्या विमा कंपनीकडे यातलं काही मागायला जाऊ नका. पुढचं सगळं अमेरिकेतलं आणि मुख्यतः जॉर्जियातलं आहे.

हा हक्क आला कुठून

२००१ साली जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 'स्टेट फार्म विरुद्ध मॅब्री' या खटल्यात निकाल दिला. त्याचा सारांश असा: ग्राहकाने गाडीच्या नुकसानीचा क्लेम केला की फक्त दुरुस्तीचा खर्च देऊन कंपनीची जबाबदारी संपत नाही. दुरुस्तीनंतरही किंमत घटली आहे का, हे कंपनीने तपासायचं आणि घटली असेल तर तेवढे पैसे द्यायचे. हा निकाल ग्राहकाच्या स्वतःच्या पॉलिसीबद्दल आहे आणि म्हणूनच जॉर्जिया वेगळं ठरतं. बाकीच्या बहुतेक राज्यांत ज्याने ठोकलं त्याच्या कंपनीकडेच मागता येतं. इथे चूक तुमची असली, किंवा कमिंग गावाच्या पुढे रात्री हरीण आडवं आलं, तरी तुमच्याकडे कोलिजन (टक्कर) किंवा कॉम्प्रिहेन्सिव्ह (हरीण, चोरी असलं बाकीचं नुकसान) कव्हर असेल तर स्वतःच्या कंपनीकडे क्लेम करता येतो. फक्त लायबिलिटी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीपुरताच विमा, असेल तर अर्थातच नाही.

कोणाला मिळतं, कोणाला नाही

अपघाताच्या दिवशी गाडी तुमच्या मालकीची हवी. लीजवर असेल तर मालक लीज कंपनी, घटलेली किंमत तिची. आधी करार वाचा. गाडी टोटल लॉस, म्हणजे दुरुस्ती परवडणार नाही अशी, झाली तर हा क्लेम नाही, कारण तेव्हा कंपनी अपघाताआधीची पूर्ण बाजारकिंमत देते. आधीच दोनदा ठोकलेल्या किंवा सॅल्व्हेज टायटलच्या (पूर्वी टोटल लॉस ठरलेल्या) गाडीला फारसं काही सुटत नाही. गाडी जितकी नवी, मायलेज जितकं कमी आणि मार जितका सांगाड्यापर्यंत गेलेला, तितका क्लेम भक्कम. नुसता बंपर खरचटला असेल तर त्यामागे महिना घालवू नये, असं माझं मत.

दुसऱ्याच्या कंपनीकडे मागताना चूक कोणाची हे महत्त्वाचं. तुमची चूक ५० टक्के किंवा त्याहून जास्त ठरली तर जॉर्जियात समोरच्याकडून काहीच मिळत नाही. त्यापेक्षा कमी असेल तर तेवढ्या प्रमाणात रक्कम कापली जाते. आणखी एक मर्यादा: राज्यात मालमत्तेच्या नुकसानीचं सक्तीचं किमान कव्हर २५,००० डॉलर आहे. दुरुस्ती, भाड्याची गाडी, घटलेली किंमत हे सगळं समोरच्याच्या त्याच थैलीतून निघतं. महागडी इलेक्ट्रिक गाडी असेल तर ही थैली दुरुस्तीतच रिकामी होऊ शकते. अशा वेळी, किंवा समोरच्याकडे विमाच नसेल तर, तुमच्या पॉलिसीतलं अनइन्शुअर्ड मोटरिस्ट कव्हर कामाला येतं.

समोरच्याकडे मागायची मुदत चार वर्षांची, अपघाताच्या तारखेपासून. चार महिन्यांनी जागा होऊनही मला क्लेम करता आला तो यामुळे. पण त्याहून मोठं कारण म्हणजे मी रिलीजवर, म्हणजे पुढचे दावे सोडून दिल्याच्या कागदावर, सही केली नव्हती. यात शहाणपण काही नव्हतं, दुरुस्तीचे पैसे परस्पर शॉपला गेले होते आणि मला कोणी कागदच पाठवला नव्हता. तुम्हाला मात्र ईमेलवर गोड भाषेत "फाइल बंद करण्यासाठी" सही मागू शकतात. त्या कागदात 'मालमत्तेचे सर्व दावे' अशा अर्थाचे शब्द असतील तर सही केल्यावर हा विषय संपला. सही करण्याआधी "डिमिनिश्ड व्हॅल्यू वगळून" असं त्यांच्याकडून लिहून घ्या, नाहीतर थांबा.

कागदपत्रं

पोलिसांचा क्रॅश रिपोर्ट पहिला. बायक्रॅश या संकेतस्थळावर थोडे पैसे भरून तो उतरवून घेता येतो. त्यातलं तुमचं नाव, व्हिन (गाडीचा ओळख क्रमांक) आणि चूक कोणाची हा भाग नीट वाचा.

दुसरा आणि सर्वांत मोलाचा कागद म्हणजे बॉडी शॉपचं अंतिम बिल. अंतिम म्हणजे अंतिम. पहिल्या दिवशीचं एस्टिमेट देऊन फसणारे पुष्कळ आहेत. बंपर काढल्यावर आत काय सापडलं ते नंतरच्या सप्लिमेंटमध्ये (पुरवणी एस्टिमेटमध्ये) असतं, आणि क्लेमचा जीव तिथेच असतो. माझ्या पहिल्या एस्टिमेटमध्ये 'मागचा बंपर, टेललाइट, ३,१०० डॉलर' एवढंच होतं. अंतिम बिल ७,४०० चं झालं आणि त्यात क्वार्टर पॅनेल कापून वेल्ड केल्याची ओळ होती. पॅनेल बदलणं आणि कापून जोडणं यात डीलरच्या डोळ्याला जमीन-अस्मानाचा फरक दिसतो. फ्रेमची मोजमापं घेतली असतील तर ती पानंही मागून घ्या. भाग कंपनीचे की बाहेरचे, हेही बिलात दिसायला हवं.

याशिवाय दुरुस्तीआधीचे आणि नंतरचे फोटो, ओडोमीटरचा फोटो, रजिस्ट्रेशन किंवा टायटलची प्रत आणि कारफॅक्सचा रिपोर्ट. अपघाताआधीची किंमत दाखवायला केली ब्लू बुक या गाड्यांच्या किमती सांगणाऱ्या संकेतस्थळाचं पान चालतं, पण त्याच वर्षाच्या, त्याच ट्रिमच्या, तेवढ्याच मायलेजच्या, जवळपास विकायला असलेल्या चार-पाच गाड्यांच्या जाहिराती जोडल्या तर जास्त वजन येतं. दोन-तीन डीलरकडून "अपघात नसता तर इतके, आता इतके" असं लेखी मिळालं तर उत्तम. सगळे देत नाहीत. मला तिघांपैकी दोघांनी ईमेलवर दिलं, तिसऱ्याने तोंडी सांगून हात झटकले.

स्वतंत्र अप्रेझरचा (किंमत ठरवणाऱ्या तज्ज्ञाचा) अहवाल घ्यायचा का? काही शे डॉलर जातात. गाडी पंधरा-वीस हजारांच्या वर असेल आणि सांगाड्याला मार असेल तर घ्या. पण आधी विचारा, वेळ आली तर कोर्टात येऊन साक्ष देणार का, आणि त्याचे वेगळे किती. गाडी न बघता दहा मिनिटांत पीडीएफ पाठवणाऱ्याचा अहवाल क्लेम हाताळणारा कंपनीचा माणूस, म्हणजे अ‍ॅडजस्टर लगेच ओळखतो.

'सतरा-सी'चा हिशेब

तुम्ही क्लेम केलात की कंपनीकडून बहुधा एका सूत्राने काढलेला आकडा येतो. मॅब्री खटल्यात खालच्या न्यायालयाच्या आदेशातल्या १७ (क) परिच्छेदावरून त्याला 'सतरा-सी' नाव पडलं. ते चालतं असं: गाडीच्या किमतीचे १० टक्के घ्यायचे. त्याला माराच्या तीव्रतेने गुणायचं, शून्य ते १ पर्यंत, पाव-पावच्या टप्प्यांनी. मग मायलेजने गुणायचं: २०,००० मैलांच्या आत १, पुढच्या प्रत्येक २०,००० मैलांना ०.२ कमी, आणि १,००,००० मैलांना शून्य.

माझी गाडी अपघाताआधी २८,००० डॉलरची, ३१,००० मैल पळालेली. १० टक्के म्हणजे २,८००. मार 'मध्यम' ठरवला, म्हणून ०.५, झाले १,४००. मायलेजचे ०.८ लावले, उरले १,१२०. ईमेलमध्ये हा आकडा असा आला होता की जणू सरकारी दर असावा.

तसा तो नाही. विशिष्ट सूत्र वापरा असं जॉर्जियाच्या विमा आयुक्त कार्यालयाने कंपन्यांना सांगितलेलं नाही, आणि २००८ च्या निर्देशात तर तसं स्पष्टच केलं आहे. सूत्रातच खोट आहे. १० टक्क्यांची कमाल मर्यादा कशावरून? मायलेजमुळे गाडीची किंमत आधीच कमी धरलेली असते, मग तेच पुन्हा कापायचं म्हणजे एकाच दुधात दोनदा पाणी. आणि १,००,२०० मैल पळालेली चांगली टोयोटा ठोकली तर तिची किंमत एक पैसाही घटत नाही, असं हे सूत्र म्हणतं. असं म्हणणारा डीलर मला दाखवा.

म्हणून पहिला आकडा आला की हो-नाही न म्हणता दोन गोष्टी लेखी मागा: हिशेबाची प्रत आणि तीव्रतेचा गुणक कशावरून ठरवला. क्वार्टर पॅनेलच्या वेल्डिंगची ओळ पिवळी करून पाठवल्यावर माझा अर्धा गुणक पाऊण झाला. म्हणजे १,६८०. पुढे डीलरच्या दोन ईमेल जोडल्या आणि गाडं २,१५० वर थांबलं. मला तेवढ्यात समाधान झालं. शेजाऱ्याच्या मते मी लवकर मान टाकली.

मागणीपत्र आणि पुढची पायरी

फोनवर बोलून होतं असं अ‍ॅडजस्टर म्हणेल. फोनवर गप्पा मारा, मागणी मात्र कागदावर करा. एक पान पुरतं: क्लेम नंबर, अपघाताची तारीख, गाडीचा व्हिन, मागणीची नेमकी रक्कम, ती कशी काढली आणि सोबतच्या कागदांची यादी. रागाची वाक्यं नकोत. पत्र सर्टिफाइड मेलने पाठवा आणि पोहोचल्याची हिरवी पावती जपून ठेवा. कारण जॉर्जियाच्या कायद्यात ६० दिवसांची तरतूद आहे: रीतसर मागणी करूनही कंपनीने ६० दिवसांत पैसे दिले नाहीत आणि तिने बदनीयतीने नाकारलं असं कोर्टात सिद्ध झालं, तर मूळ रकमेवर ५० टक्के किंवा ५,००० डॉलर, यातलं जे जास्त असेल ते, शिवाय वकिलाची फी द्यावी लागते. स्वतःच्या कंपनीसाठी आणि समोरच्याच्या कंपनीसाठी कलमं वेगळी आहेत, ३३-४-६ आणि ३३-४-७. पत्रात योग्य कलमाचा उल्लेख असला की उत्तराचा सूर बदलतो.

तरीही अडलं तर आयुक्त कार्यालयाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. ते रक्कम ठरवून देत नाहीत, पण कंपनीला लेखी उत्तर द्यावं लागतं. शेवटचा रस्ता मॅजिस्ट्रेट कोर्टाचा. १५,००० डॉलरपर्यंतचे दावे तिथे चालतात आणि वकील लागत नाही. दुसऱ्याने ठोकलं असेल तर दावा त्याच्या विमा कंपनीवर नाही, त्या ड्रायव्हरवर करायचा, आणि तो राहतो त्या काउंटीत. अनेकांना हे अवघड वाटतं, "त्या बिचाऱ्या कॉलेजच्या पोरावर केस कशी करू?" पण त्याच्या वतीने उभं राहण्याची जबाबदारी त्याच्या कंपनीवर येते. म्हणूनच बऱ्याचदा समन्स पोहोचल्यावर तडजोडीचा फोन येतो.

दुसऱ्या राज्यांतल्या मित्रांनी हे जसंच्या तसं उचलू नये. टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये ठरवलं की गाडी नीट दुरुस्त करून दिली असेल तर स्वतःच्या कंपनीने घटलेली किंमत द्यायची गरज नाही. तिथे फक्त समोरच्याकडे मागता येतं आणि मुदत दोनच वर्षांची. मिशिगनमध्ये नो-फॉल्टमुळे (चूक कोणाचीही असो, ज्याने त्याने आपल्याच विम्याकडे जायचं) समोरच्या ड्रायव्हरकडून मिनी-टॉर्ट या छोट्या अपवादाखाली फार तर ३,००० डॉलर.

चेक येताना गाडीवर कर्ज असेल तर त्यावर बँकेचंही नाव असू शकतं, ते आधीच विचारून ठेवा. कराची भीती अनेकांना असते. मालमत्तेची किंमत घटल्याबद्दल मिळालेली भरपाई तुमच्या हिशेबातल्या गाडीच्या मूळ किमतीपेक्षा कमी असेल, तर आयआरएस (अमेरिकेचं आयकर खातं) ती उत्पन्न धरत नाही. फक्त तेवढी रक्कम गाडीच्या मूळ किमतीतून वजा धरायची, म्हणजे माझी गाडी आता कागदोपत्री २,१५० डॉलरने स्वस्तात घेतलेली आहे.