वित्तीय संकट आणि छोटी खुली अर्थव्यवस्था

जागतिक वित्तबाजार कोसळला असता, त्या बाजारावर कसलाही प्रभाव नसलेल्या देशाने तो धक्का पचवण्यासाठी केलेल्या उपायांचा विषय. ‘छोटी’ हा शब्द येथे क्षेत्रफळाला उद्देशून नाही. व्याजदर, तेलाचे भाव, निर्यातमालाची मागणी हे सारे बाहेर ठरते आणि देशाला ते मुकाट्याने स्वीकारावे लागते, म्हणून छोटी. मालाची व भांडवलाची ये-जा मोकळी, म्हणून खुली. अशा देशात सरकारने खर्च वाढवून मागणी उभी करायची म्हटले, तरी त्यातला बराच पैसा आयातीच्या वाटेने बाहेर जातो. मोठ्या देशाला लागू पडणारे औषध इथे निम्मेही लागू पडत नाही.

धक्का दोन वाटांनी येतो. निर्यातीची वाट त्यातल्या त्यात संथ: मागण्या घटतात, कारखान्यांतल्या पाळ्या कमी होतात. पतपुरवठ्याची वाट मात्र एका रात्रीत बंद होऊ शकते. परदेशी बँका कालपर्यंत बिनबोभाट मुदत वाढवून देत असलेले कर्ज आज परत मागतात. त्यातून हे कर्ज बहुधा डॉलरमध्ये किंवा युरोमध्ये असते, कारण छोट्या देशाच्या चलनात दीर्घ मुदतीचे कर्ज द्यायला सहसा कोणी तयार नसते. बॅरी आयकेनग्रीन आणि रिकार्डो हाउसमन या अर्थतज्ज्ञांनी १९९९ मध्ये या अडचणीला ‘मूळ पाप’ म्हटले. नाव थोडे अन्यायाचेच आहे; पाप ऋणकोच्या माथी आणि सोय धनकोची.

धक्का टाळणे हाती नसल्याने प्रश्न उरतो तो नुकसान कुठे मुरवायचे हा. चलनाचा दर पडू द्यावा, की दर धरून ठेवून पगार कापावेत? २००८ च्या संकटात या दोन्ही वाटा शेवटपर्यंत चालून पाहिल्या गेल्या.

पहिली वाट आइसलँडची. सुमारे ३.२ लाख वस्तीच्या या देशात ग्लिटनिर, लान्सबांकी आणि कौपथिंग या तीन बँकांचा पसारा देशाच्या वार्षिक उत्पादनाच्या नऊ-दहा पट झाला होता. ऑक्टोबर २००८ मध्ये त्या आठवड्याभरात कोसळल्या. बँका वाचवायच्या की नाही, हा प्रश्नच नव्हता. वाचवण्याइतका पैसा देशात नव्हता. संसदेने ६ ऑक्टोबरला तातडीचा कायदा केला, देशांतर्गत ठेवी नव्या बँकांकडे वळवल्या आणि परदेशी धनकोंना बुडीत बँकांच्या दारात रांगेत उभे केले. लान्सबांकीच्या परदेशातल्या ‘आइससेव्ह’ खात्यांत पैसे ठेवलेल्या आपापल्या नागरिकांना ब्रिटन आणि नेदरलँड्सच्या सरकारांनी भरपाई दिली व ती आइसलँडकडे मागितली. परतफेडीचे करार मतदारांनी २०१० आणि २०११ मध्ये, दोनदा फेटाळले. २०१३ मध्ये एफ्टा (युरोपीय मुक्त व्यापार संघटना) न्यायालयाचा निकालही आइसलँडच्या बाजूने लागला.

पण हा निव्वळ विजय नव्हता. युरोच्या तुलनेत क्रोना हे आइसलँडचे चलन २००८ च्या वर्षभरात जवळजवळ निम्म्यावर आले आणि जानेवारी २००९ मध्ये चलनवाढ १८ टक्क्यांच्या वर गेली. अनेकांनी मोटारीसाठी, घरासाठी येन किंवा स्विस फ्रँकशी जोडलेली कर्जे घेतली होती. पगार क्रोनामध्ये, हप्ता मात्र येनच्या भावाने. तो दुपटीच्या आसपास गेला. असे कर्ज बेकायदा असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने जून २०१० मध्ये सांगितले, पण तोवर दीड वर्ष लोटले होते. मॅकडोनाल्ड्सने ऑक्टोबर २००९ अखेर देशातली तिन्ही उपाहारगृहे बंद केली, कारण मांस आणि चीज जर्मनीहून यायचे आणि त्या भावात बर्गर विकणे परवडेना. उलट स्वस्त क्रोनामुळे मासळीची निर्यात सावरली, पुढे पर्यटकांची रीघ लागली. भांडवल बाहेर नेण्यावर नोव्हेंबर २००८ मध्ये घातलेले निर्बंध मुख्यतः मार्च २०१७ मध्ये उठले. असे निर्बंध एरवी नापसंत करणाऱ्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने इथे त्यांना पाठिंबा दिला, हे विशेष.

लात्वियाने उलट वाट धरली. लात्स या आपल्या चलनाचा युरोशी बांधलेला दर सोडायचा नाही, असे ठरवून त्याने ७.५ अब्ज युरोच्या मदतीचा करार केला आणि शिक्षक, परिचारिका, सरकारी कर्मचारी यांचे पगार कापले. याला ‘अंतर्गत अवमूल्यन’ म्हणतात. शब्द सोज्वळ आहे. उत्पादन २००९ या एका वर्षात सुमारे १४ टक्क्यांनी घसरले, बेरोजगारी २० टक्क्यांच्या आसपास गेली. १ जानेवारी २०१४ रोजी देशाला युरो मिळाला. याला यश म्हणणाऱ्यांनी जनगणनाही पाहावी: २००० मध्ये सुमारे २३.८ लाख असलेली लोकसंख्या २०११ मध्ये २०.७ लाख उरली. या घटीचे कारण एकटे संकट नव्हे, कमी जन्मदर आणि आधीचे स्थलांतरही त्यात आहे; पण कापलेला पगार नको असलेल्या तरुणाला आयर्लंडचे किंवा ब्रिटनचे विमान खुले होते, तेवढी बेरोजगारी कागदावरून गळाली.

युरो वापरणाऱ्या सायप्रसकडे २०१३ मध्ये पाडायला स्वतःचे चलनच नव्हते. तिथे नुकसान थेट ठेवींत मुरवले गेले: बँका जवळपास दोन आठवडे बंद राहिल्या, आणि बँक ऑफ सायप्रसमधील १ लाख युरोवरच्या ठेवींचा ४७.५ टक्के भाग समभागांत बदलला गेला.

ज्यांना यांपैकी काहीच निर्वाणीला नेऊन करावे लागले नाही, त्यांनी आधीच गंगाजळी साठवलेली होती. सिंगापूरची मध्यवर्ती बँक १९८१ पासून व्याजदराऐवजी विनिमय दर हाताळते, कारण व्यापार उत्पादनाच्या तिपटीच्या घरात असताना महागाई बंदरातूनच आत येते. २००९ मध्ये तिथल्या सरकारने पूर्वसंचित निधीला प्रथमच हात घातला. राष्ट्राध्यक्षांच्या संमतीने ४.९ अब्ज सिंगापूर डॉलरपर्यंतची रक्कम मंजूर झाली. तिचा मोठा भाग मालकांना दिला गेला: प्रत्येक कामगाराच्या मासिक पगाराच्या पहिल्या २,५०० डॉलरवर १२ टक्के, म्हणजे माणूस कामावरून काढण्यापेक्षा ठेवणे स्वस्त पडावे. प्रत्यक्षात सुमारे ४ अब्ज खर्ची पडले आणि २०११ मध्ये ते सरकारने निधीत परत भरले.