पेशंटशी बोलत बसणं हेच तर काम आहे

नर्सिंगच्या स्टुडंटची मानसोपचार वॉर्डात पहिली पोस्टिंग लागते ना, तेव्हा सुरुवातीच्या दोन-तीन दिवसांत बहुतेकींच्या डोक्यात एकच प्रश्न असतो, इथे करायचं काय? सर्जिकल वॉर्डात हाताला काम असतं, ड्रेसिंग आहे, सलाईन आहे, बीपी घ्यायचंय, इनटेक-आउटपुट लिहायचंय, तास कुठे जातो कळत नाही. इथे पेशंट चालतोय, फिरतोय, जेवतोय, जखम कुठेच दिसत नाही, आणि वॉर्डातल्या सिस्टर सांगतात जा, जाऊन बोल त्यांच्याशी. काय बोलू? चुकीचं काही बोलले आणि त्यांचा त्रास वाढला तर? मग ती मुलगी नर्सिंग स्टेशनजवळ फाईल चाळत उभी राहते, कारण हातात फाईल असली की काम करतोय असं वाटतं.

त्या फाईलमागे काय दडलेलं असतं ह्यावर रिसर्च आहे आणि तो बराच जुना आहे.

1950 च्या दशकाच्या शेवटी इझाबेल मेंझीस नावाच्या मनोविश्लेषक बाई लंडनमधल्या एका मोठ्या टीचिंग हॉस्पिटलमध्ये गेल्या. मानसिक आजारांचं नव्हे, साधं जनरल हॉस्पिटल. बोलावलं होतं ते वेगळ्याच कारणासाठी, स्टुडंट नर्सना कुठल्या वॉर्डात किती दिवस ठेवायचं, वॉर्डाची गरज बघायची की मुलींच्या शिक्षणाची, हे गणित काही केल्या जुळत नव्हतं. पण तिथे राहून बघितल्यावर त्यांना दिसलं की खरी गोष्ट वेगळीच आहे. आजारपण, वेदना, मरण ह्यांच्या इतक्या जवळ दिवसरात्र राहायचं म्हणजे मनात प्रचंड धास्ती तयार होते, आणि ती धास्ती जाणवू नये म्हणून अख्खी व्यवस्थाच अशी बनत गेली होती की कुठलीही नर्स कुठल्याही एका पेशंटजवळ फार वेळ थांबणारच नाही. कामांची यादी करायची, यादीतलं एक काम घ्यायचं आणि वॉर्डभर प्रत्येकाला तेवढंच करत पुढे सरकायचं. पेशंटचं नाव घ्यायचं नाही, '10 नंबरच्या बेडचं लिव्हर' म्हणायचं. साधारण एक तृतीयांश मुली ट्रेनिंग पूर्ण करत नव्हत्या, आणि त्यातल्या बऱ्याच जणी नापास झाल्या म्हणून नाही तर आपणहून सोडून जात होत्या. म्हणजे धास्ती दाबायला जे जे केलं त्याने धास्ती तर गेली नाहीच, वर ज्या कारणासाठी त्या नर्सिंगला आल्या होत्या, माणसाची काळजी घ्यायला, तेच हातातून काढून घेतलं गेलं. हा स्टडी 1960 च्या सुमारास छापून आला आणि मला अजूनही तो वाचताना आजच्याच वॉर्डाबद्दल वाचतोय असं वाटतं.

आता अटलांटिकच्या पलीकडे काय चाललं होतं बघा. हिल्डेगार्ड पेपलाऊ, स्वतः नर्स, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन आर्मीच्या मानसोपचार हॉस्पिटलमध्ये काम केलेल्या. त्यांनी एक पुस्तक लिहून 1948 मध्ये पूर्ण केलं, पण ते छापून यायला 1952 उजाडलं, कारण एका नर्सने, सोबत कुणी डॉक्टर सहलेखक नसताना, असं पुस्तक काढावं हे त्या काळी पचत नव्हतं. आणि त्यात होतं काय, तर नर्स आणि पेशंट ह्यांच्यातलं नातं हाच उपचाराचा भाग आहे. आधी ओळख आणि विश्वास, मग प्रत्यक्ष अडचणीवर मिळून काम, आणि शेवटी व्यवस्थित निरोप, म्हणजे पेशंट आपल्या पायावर उभा राहील असा. धास्तीच्याही त्यांनी चार पायऱ्या सांगितल्या, सौम्य, मध्यम, तीव्र आणि पॅनिक, आणि ह्याचा वॉर्डात रोज उपयोग होतो. सौम्य धास्तीत माणूस उलट चांगलं शिकतो, पण तीव्र धास्तीत असलेल्या माणसाला तुम्ही गोळ्यांची सगळी माहिती सांगत बसलात तर त्यातलं काहीच आत जात नाही, तिथे छोटी वाक्यं, शांत आवाज आणि जवळ थांबणं एवढंच कामाला येतं. मग आपण चार्टवर लिहितो 'पेशंटला समजावून सांगितले' आणि संध्याकाळी वैतागतो की ह्यांना काही लक्षातच राहत नाही.

बोलणं शिकवायचं कसं, तर त्यासाठी नर्सिंग शिक्षणात एक साधं साधन आहे, प्रोसेस रेकॉर्डिंग. पेशंटशी बोलून आलं की आठवेल तसं लिहून काढायचं, एका रकान्यात पेशंट काय म्हणाले, दुसऱ्यात मी काय म्हणाले, तिसऱ्यात मला त्या वेळी आत काय वाटत होतं. स्टुडंटना हे लिहायला अजिबात आवडत नाही, त्यांना तो फक्त असाइनमेंटचा बोजा वाटतो. पण नमुन्यादाखल असं एक पान डोळ्यासमोर आणा. पहिल्या रकान्यात, 'सगळे माझ्याबद्दलच कुजबुजतायत.' दुसऱ्यात, 'नाही हो काका, असं काही नाही, तुम्ही उगाच काळजी करू नका.' तिसऱ्यात, 'भीती वाटली, विषय बदलावासा वाटला.' आणि त्याच्या खाली, पेशंटने मान फिरवली, पुढे काही बोलले नाहीत.

ह्या एका पानावर तासभर शिकवता येतं. शिकवणारी विचारते, तू काळजी करू नका म्हणालीस, त्याने काळजी कुणाची कमी झाली, त्यांची का तुझी? हा खोटा दिलासा. समोरच्याने जीव मुठीत धरून काहीतरी सांगितलं आणि आपण दोन सेकंदांत ते खोडून टाकलं. मग हो ला हो करायचं का, तर तेही नाही, आपल्याला ऐकू न येणारी कुजबुज ऐकू येते असं म्हणायचं नाही, आणि वादही घालायचा नाही कारण वाद घालून भ्रम जात नाही, फक्त नर्स गमावली जाते. मधली वाट अशी की 'मला काही ऐकू येत नाहीये, पण तुम्हाला असं वाटत असेल तर किती भीती वाटत असेल, मी बसते इथे थोडा वेळ.' वाचायला सोपं वाटतं, तोंडातून यायला महिने लागतात, आणि तिसरा रकाना प्रामाणिकपणे लिहिल्याशिवाय तर येतच नाही.

एवढं सगळं 1952 पासून माहीत होतं तर वॉर्डात ते उतरलं का? व्हिएन्नाहून निर्वासित म्हणून ब्रिटनमध्ये आलेल्या आणि पुढे एडिंबरा विद्यापीठात नर्सिंगच्या प्रोफेसर झालेल्या ॲनी आल्टशुल ह्यांनी मानसोपचार वॉर्डात नर्स आणि पेशंट एकमेकांशी कधी, किती, कशाबद्दल बोलतात हे बघितलं, तो अभ्यास 1972 मध्ये प्रसिद्ध झाला. नर्सेस बोलत होत्या, पेशंटना त्यांचा आधारही वाटत होता, पण त्या बोलण्यामागे काही ठरवलेली दिशा, काही सिद्धांत आहे असं दिसेना. ज्याच्या त्याच्या स्वभावावर सोडलेलं. मला ह्यात नर्सेसचा दोष दिसत नाही, ज्याला कुणी कौशल्य म्हणून शिकवलंच नाही, ज्याची ड्यूटीत नोंद नाही, ते स्वभावावरच चालणार ना.

'बोलण्याने काय होतंय' म्हणणाऱ्यांसाठी पुढचा स्टडी आहे आणि तो मला सगळ्यात जास्त आवडतो. लेन बॉवर्स, हेही नर्सच, त्यांनी आणि त्यांच्या टीमने 'सेफवॉर्ड्स' नावाची पद्धत तयार केली. विचार असा की मानसोपचार वॉर्डातली मारामारी, स्वतःला इजा करणं, पळून जाणं, औषध नाकारणं हे फक्त आजारामुळे होत नाही, त्याआधी एक ठिणगी पडलेली असते, आणि बऱ्याच ठिणग्या अगदी साध्या असतात. रात्री साडेदहाला पेशंट घरी फोन करायचाय म्हणतो आणि काउंटरच्या मागून, मान वर न करता, 'आत्ता नाही' असं उत्तर येतं. तो परत विचारतो, आवाज चढतो, दोघं-तिघं स्टाफ गोळा होतात, मग इंजेक्शन, मग बंद खोली. अर्ध्या तासाने रिपोर्टमध्ये 'पेशंट आक्रमक झाला' एवढंच राहतं, फोनचा उल्लेखही नसतो.

सेफवॉर्ड्समध्ये अशा ठिणग्यांसाठी 10 छोट्या गोष्टी आहेत. नाही म्हणायचंच असेल तर कसं म्हणायचं. वाईट बातमी येणार असेल, घरचे भेटायला येणार नाहीत, सुट्टी मिळणार नाही, तर ती आधी ओळखून जवळ बसून सांगायची. हँडओव्हरमध्ये, म्हणजे शिफ्ट बदलताना पुढच्या स्टाफला माहिती देताना, प्रत्येक पेशंटबद्दल काहीतरी चांगलं बोलायचंच. स्टाफ आणि पेशंट दोघांनीही आपल्या आवडीनिवडी एका फाईलमध्ये लिहायच्या म्हणजे बोलायला विषय मिळतो. अस्वस्थ झालेल्यासाठी एक पेटी, त्यात पिळायचे मऊ चेंडू, गाणी ऐकायचं साधन, मऊ पांघरूण, गोळी देण्याआधी ही पेटी पुढे करायची. घरी जाणारा पेशंट नव्याने येणाऱ्यांसाठी दोन ओळी लिहून वॉर्डात लावून जातो.

हे सगळं ऐकायला गोडगोड वाटतं म्हणून त्यांनी ते कसाला लावलं. लंडन आणि आसपासची 15 हॉस्पिटल्स, 31 वॉर्ड, कुठल्या वॉर्डाला सेफवॉर्ड्स मिळणार हे रँडम ठरवलं, आणि बाकीच्या वॉर्डांना अगदीच काही नाही असं नको म्हणून स्टाफचं स्वतःचं शारीरिक आरोग्य सुधारण्याचा कार्यक्रम दिला, कारण नुसतं कुणीतरी लक्ष देतंय ह्यानेही वॉर्ड सुधारतो. प्रत्येक शिफ्टच्या शेवटी काय काय घडलं ह्याचा फॉर्म भरायचा. 2015 मध्ये निकाल आले. दुसऱ्या गटाच्या तुलनेत भांडणं, इजा वगैरे घटना 15 टक्क्यांनी कमी, आणि स्टाफने वापरलेले उपाय, म्हणजे जबरदस्तीचं इंजेक्शन, धरून ठेवणं, बंद खोली, सततची नजर, हे 26.4 टक्क्यांनी कमी. फॉर्म स्टाफनेच भरलेले होते ही मर्यादा लक्षात ठेवायलाच हवी. पण पुढे ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यात हे राबवलं तिथेही वर्षभराने बंद खोलीचा वापर 36 टक्क्यांनी कमी झालेला दिसला. एकही नवीन औषध नाही ह्यात, एकही मशीन नाही.

बरं आता शिक्षणाकडे परत. स्टुडंटच्या मनात मानसिक आजाराबद्दल जी भीती असते ती कमी कशी करायची? आपली सवय म्हणजे लेक्चर. स्किझोफ्रेनिया म्हणजे काय, कारणं, लक्षणं, औषधं, साइड इफेक्ट. माहिती लागतेच, पण माहितीने भीती फारशी हलत नाही. 2012 मध्ये पॅट्रिक कॉरिगन आणि सहकाऱ्यांनी 14 देशांतले 72 अभ्यास एकत्र करून बघितलं, तर मोठ्या माणसांच्या बाबतीत नुसत्या माहितीपेक्षा मानसिक आजारातून गेलेल्या माणसाशी प्रत्यक्ष भेट जास्त परिणाम करते असं दिसलं, किशोरवयीन मुलांमध्ये मात्र उलट, तिथे माहिती जास्त चालते.

भीती कमी करण्यासाठी करतात तो एक प्रयोग फार शिकवून जातो. स्टुडंटला हेडफोन लावतात, त्यात कुजबुज, शिव्या, हुकूम चालू असतात, आणि ते ऐकत ऐकत त्यांनी फॉर्म भरायचा, प्रश्नांची उत्तरं द्यायची, म्हणजे इतरांना न ऐकू येणारे आवाज ऐकू येणाऱ्या पेशंटला आपण 'लक्ष द्या जरा' म्हणतो तेव्हा त्याचं काय होत असेल ते कळतं. असा एक प्रसिद्ध कोर्स पॅट्रिशिया डीगन ह्यांनी तयार केला, ज्यांना स्वतःला किशोरवयात स्किझोफ्रेनियाचं निदान झालं होतं. पण 2011 च्या एका आढाव्यात असं निघालं की अशा प्रयोगाने सहानुभूती वाढते आणि त्याच वेळी पेशंटपासून लांब राहावंसं वाटणंही वाढू शकतं. नीट विचार केला तर पटतं, तुम्ही मला वीस मिनिटं फक्त भयंकर भाग दाखवलात, त्या आवाजांसकट कुणी नोकरी करतं, मुलं वाढवतं, हसतं हे दाखवलंच नाही. म्हणून हेडफोन काढल्यावर त्यावर सविस्तर बोलणं, आणि शक्य असेल तर त्या अनुभवातून गेलेलं माणूस वर्गात असणं, हे वगळून चालत नाही.

ऑस्ट्रेलियात ब्रेंडा हॅपेल ह्यांनी ह्याच दिशेने बरंच काम केलंय. एकीकडे त्यांच्या अभ्यासात दिसलं की नर्सिंगला येणाऱ्या मुलामुलींच्या आवडीच्या यादीत मानसिक आरोग्य तळाजवळ असतं, आणि दुसरीकडे, स्वतः आजार अनुभवलेली माणसं शिक्षक म्हणून अभ्यासक्रमात आली की स्टुडंटचा दृष्टिकोन सुधारतो. शिक्षक म्हणून, एक दिवस येऊन आपली कहाणी सांगून जाणारा पाहुणा म्हणून नाही, हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

आणखी एक भीती, सगळ्यात मोठी, आत्महत्येबद्दल विचारायचं कसं, विचारल्याने डोक्यात नसलेला विचार घुसला तर? ही भीती अनुभवी नर्सेसनाही असते. 2005 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या 6 हायस्कूलमधल्या 2342 मुलामुलींवर हे तपासलं गेलं, अर्ध्यांच्या प्रश्नावलीत आत्महत्येचे प्रश्न होते, अर्ध्यांच्या नव्हते, आणि दोन दिवसांनी परत सगळ्यांना विचारलं. आधी विचारलेल्या मुलांमध्ये त्रास किंवा तसे विचार वाढले नव्हते, आणि ज्यांना आधीच नैराश्य होतं त्यांना विचारल्याने इजा तर झाली नाहीच, उलट जरा बरं वाटल्याची चिन्हं होती. तेव्हा थेट विचारा. 'जीव द्यावासा वाटतो का?' असं स्पष्ट, डोळ्यांत बघून, आणि विचारल्यावर उत्तर ऐकायला खुर्ची ओढून बसा. ह्याचा सराव पेशंटचा अभिनय करणाऱ्या प्रशिक्षित माणसासमोर करता येतो, ही पद्धत हॉवर्ड बॅरोज ह्या न्यूरॉलॉजिस्टने 1963 मध्ये सुरू केली, आणि पहिल्यांदा तो प्रश्न तोंडातून काढताना जीभ अडखळते ती तिथेच अडखळून घेतलेली बरी.

हे फक्त मानसोपचार वॉर्डापुरतं आहे असं समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे 2019 मध्ये जगात 97 कोटी लोक, म्हणजे दर आठातला एक, कुठल्या ना कुठल्या मानसिक आजारासोबत जगत होता, ते हार्टच्या वॉर्डात येतात, डिलिव्हरीला येतात, अपघात विभागात येतात. आणि गंभीर मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा 10 ते 20 वर्षं आधी जातात, बरेचदा टाळता येण्याजोग्या शारीरिक आजाराने. पेशंट छातीत दुखतंय म्हणतो, फाईलवर जुनं मानसिक निदान दिसतं, आणि 'त्याचंच असेल' म्हणून ईसीजी राहून जातो. ते दुखणं सगळ्यात आधी ऐकणारी व्यक्ती बहुतेक वेळा नर्स असते.

आता नर्सचं कोण ऐकतं? मेंझीसबाईंनी दाखवलेली धास्ती गेलेली नाही, पेशंटजवळ बसायला सांगितलं की ती वाढणारच, जो तिसरा रकाना स्टुडंट असताना लिहायला लावला तो नोकरी लागल्यावर कुणी वाचत नाही. म्हणून क्लिनिकल सुपरव्हिजन, म्हणजे ठरलेल्या दिवशी, ड्यूटीच्या वेळेतच, अनुभवी सहकाऱ्यासमोर बसून कुठल्या पेशंटने आत काय हलवलं हे बोलणं, आठवड्याच्या रोस्टरमध्ये लिहिलेलं असावं, जसा मेडिसिन राउंड लिहिलेला असतो तसा. आणि चार्टमध्ये 'पेशंटशी 20 मिनिटं बोलले' असं लिहायला एक रकाना हवा, म्हणजे नर्सिंग स्टेशनजवळ फाईल धरून उभ्या असलेल्या त्या मुलीला फाईल खाली ठेवता येईल.