वरून थर दिला की रस्ता नवा होतो?

गेटपासून पोर्चपर्यंतच्या काँक्रीटला भेगा पडल्या की हमखास सल्ला येतो: ‘तोडायची काय गरज? वरून इंचभर माल ओता, झाला नवा!’ हा समज वर्षानुवर्षं टिकून आहे, कारण पहिले काही महिने तो खरा वाटतो. मग जुनी भेग नव्या थरातून जशीच्या तशी वर येते. खालचा तुकडा हलतोच आहे, वरचा पातळ थर त्याला धरणार कसा?

म्हणून आधी भेग नीट बघा. केसासारखी बारीक, दोन्ही कडा एका पातळीत? काँक्रीट वाळताना आकसतं, त्याची ती खूण. साफ करून लवचिक सीलंट भरलं की पुरे. अशा भेगेसाठी अख्खा रस्ता फोडणं म्हणजे निव्वळ उधळपट्टी.

पण बोट फिरवल्यावर एक कड उंच लागली, गाडी गेल्यावर तुकडा डुगडुगला, किंवा डांबरावर मगरीच्या पाठीसारखी जाळी उमटली, तर दोष खालच्या भरावात आहे. बहुतेक वेळा गुन्हेगार पाणीच. (छपराच्या पाइपचं तोंड कुठे सुटतंय, तेही बघाच.) अशी जागा मोठी नसेल तर तेवढाच भाग तोडून, भराव दाबून पुन्हा ओतता येतो. अर्ध्याहून जास्त रस्ता असाच झाला असेल, तर मात्र मी डागडुजीवर पैसे घालणार नाही. आणि नवा रस्ता करतानाही पाण्याचा उतार घरापासून दूर काढला नाही, तर त्याचीही तीच गत.